एकाच घरातले दोन संगणक एकमेकांना दिसत नाहीत तेव्हा : अडथळा शोधण्याची क्रमवार पद्धत

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बेळगावात विजांचा मोठा कडकडाट झाला आणि वडगावातल्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरचा वायफायचा डबा जळाला. दोन दिवसांनी इंटरनेटवाल्यांचा माणूस आला, नवा डबा बसवून गेला, इंटरनेट सुरू झाले, आणि त्याच रात्री वहिनींचा मला फोन आला : "भाऊजी, वरच्या लॅपटॉपवरून खालचा कॉम्प्युटर उघडेना झालाय. इंटरनेट तर दोन्हीकडे चालतंय." खालच्या खोलीत साड्यांच्या व्यवहाराच्या हिशेबाचा संगणक आहे आणि त्यालाच प्रिंटर जोडलेला आहे. त्यांची मुलगी वरच्या मजल्यावर लॅपटॉपवर बिले तयार करते आणि ती खालच्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवते. तो फोल्डरच उघडत नव्हता.

घरोघरी नेमका हाच गोंधळ होतो. इंटरनेट चालते म्हणजे नेटवर्क ठीक आहे असे आपण धरून चालतो. पण इंटरनेट चालणे याचा अर्थ एवढाच की प्रत्येक संगणकाची राउटरपर्यंतची, म्हणजे वायफायच्या डब्यापर्यंतची, आणि तिथून बाहेरची वाट मोकळी आहे. एका संगणकापासून दुसऱ्या संगणकापर्यंतची वाट वेगळी असते आणि तिच्यावरचे पहारेही वेगळे असतात. ही वाट अडली की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे निरोप अडवणारा संगणकातला पहारा, बंद करण्याची, आणि काम झाले किंवा नाही झाले तरी ती तशीच बंद राहते. हा मार्ग घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अडथळा कोठे आहे हे ठरवता येते, त्यासाठी विकत काहीही घ्यावे लागत नाही, आणि शांतपणे बसल्यास अर्ध्यापाऊण तासात बहुतेक प्रकरणे सुटतात.

पुढच्या सूचना प्रामुख्याने विंडोज १० आणि विंडोज ११ साठी आहेत. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; संगणकावर त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

सुरुवात कागदावर

संगणकाला हात लावण्यापूर्वी एका कागदावर काही गोष्टी लिहून घ्याव्यात. कोणत्या संगणकावरून कोणत्या संगणकाकडे जाता येत नाही? उलट दिशेने जाता येते का? पडद्यावर संदेश कोणता येतो, तो शब्दशः. हे पूर्वी चालत होते का, आणि बंद पडण्याच्या सुमारास घरात काय बदलले? नवा राउटर, नवा अँटीव्हायरस, विंडोजचे मोठे अपडेट, संगणकाचे बदललेले नाव किंवा पासवर्ड, यांपैकी काही ना काही बहुतेक वेळा निघतेच.

यातला दिशेचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. दोन्ही दिशा बंद असतील तर संशय आधी नेटवर्कच्या रचनेवर जातो. एकच दिशा बंद असेल, तर एक तर ज्याच्याकडे जाता येत नाही त्या संगणकाची फायरवॉल अडवत असते, किंवा मध्ये एकाऐवजी दोन राउटर बसलेले असतात.

आणखी एक साधी गोष्ट. ज्या संगणकाकडे जायचे आहे तो झोपलेला नाही ना, हे आधी पाहावे. पडदा काळा झालेला संगणक बऱ्याचदा स्लीपमध्ये गेलेला असतो आणि त्या अवस्थेत तो कोणालाही उत्तर देत नाही. सामायिक फोल्डर असलेल्या संगणकाची स्लीपची वेळ पॉवर सेटिंगमध्ये "नेव्हर" अशी ठेवावी. पडदा बंद झाला तरी चालतो.

दोघे खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का?

दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्यावी आणि आयपीव्ही४ पत्ता (संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता), सबनेट मास्क व डिफॉल्ट गेटवे हे तीन आकडे दोन्हींचे लिहून घ्यावेत. घरगुती राउटरवर मास्क सहसा २५५.२५५.२५५.० असतो, आणि तसा असेल तर दोन्ही पत्त्यांतले पहिले तीन आकडे सारखे असले पाहिजेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.८ असेल तर पुढच्या पायरीवर जावे. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.८ असेल तर ते दोन वेगवेगळ्या नेटवर्कांवर आहेत, मग वायफायचे नाव एकच का असेना.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. केबल सैल आहे का, राउटरच्या त्या पोर्टचा दिवा लागतो का, हे पाहावे. विजा चमकल्यानंतर राउटरचे एखादेच पोर्ट निकामी होते आणि बाकीची चालू राहतात, हे आपल्याकडे दर पावसाळ्यात दिसते. केबल शेजारच्या पोर्टमध्ये घालून पाहिली की एका मिनिटात ते कळते.

पत्ता १७२.२०.१० ने सुरू होत असेल तर लॅपटॉप घरातल्या राउटरवर नसून कोणाच्या तरी आयफोनच्या हॉटस्पॉटवर आहे. कित्येक अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटवर तो १९२.१६८.४३ ने सुरू होतो. वीज गेल्यावर काम थांबू नये म्हणून हॉटस्पॉट लावला जातो, वीज आल्यावर तो बंद करायचे राहून जाते आणि लॅपटॉप त्यालाच चिकटून राहतो. खानापूर भागातल्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरांत तर वरच्या खोलीत राउटरचा सिग्नल क्षीण आणि खिशातल्या फोनचा जोरदार, त्यामुळे हे आणखी सहज घडते.

एका घरात दोन राउटर

वडगावच्या घरातला पहिला अडथळा हाच निघाला, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पूर्वी त्यांच्याकडे फायबरचा साधा डबा होता, ज्यात वायफाय नव्हते, आणि त्याला जोडलेला स्वतःचा राउटर वरच्या मजल्यावर होता. नव्या डब्यातच वायफाय आणि राउटर दोन्ही आहेत. बसवणाऱ्याने जुनी केबल पूर्वीप्रमाणेच वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल जिथे लागते त्या खाचेत) राहू दिली आणि खालचा संगणक सोयीसाठी थेट नव्या डब्याला जोडला. परिणामी खालच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ या नेटवर्कातला झाला, वरच्या लॅपटॉपचा १९२.१६८.० या नेटवर्कातला, आणि मध्ये वरच्या राउटरची भिंत उभी राहिली.

ही भिंत दोन्ही बाजूंनी सारखी नसते. आतल्या राउटरमागचा लॅपटॉप बाहेरच्या नेटवर्कवरच्या संगणकाकडे पत्ता टाइप करून जाऊ शकतो, जसा तो इंटरनेटवर जातो तसाच. पण बाहेरच्या संगणकाला आतला लॅपटॉप अजिबात दिसत नाही. शिवाय नेटवर्कच्या यादीत संगणकांची नावे ज्या हाकांमुळे दिसतात, त्या हाका राउटर ओलांडून जात नाहीत. म्हणून नावाने शोधणे दोन्ही बाजूंनी बंद पडते.

दुरुस्ती करताना क्रम पाळावा लागतो. प्रथम दुसऱ्या राउटरची वॅनमधली केबल काढावी आणि एक लॅपटॉप केबलने त्या राउटरला जोडून त्याचे सेटिंगचे पान उघडावे. त्यात "ॲक्सेस पॉइंट मोड" असा पर्याय असेल तर तो निवडावा आणि राउटर सांगेल तशी केबल जोडावी. काम तिथेच संपते. तसा पर्याय नसेल तर राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता (घरातल्या बाजूचा) बदलून मुख्य डब्याच्या नेटवर्कातला, पण मुख्य डबा वाटत असलेल्या पत्त्यांच्या मर्यादेबाहेरचा करावा. मुख्य डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि तो १०० पासून पुढचे पत्ते वाटत असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा. पत्ता बदलताच उघडे पान बंद पडते; घाबरू नये, नव्या पत्त्यावर ते पुन्हा उघडावे. मग त्या राउटरची डीएचसीपी सेवा बंद करावी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकट्या मुख्य डब्याकडे राहील. आणि शेवटी मुख्य डब्याकडून आलेली केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेत, लावावी. डीएचसीपी बंद करण्याआधी केबल लॅनमध्ये लावली, तर एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि मग कोणाला कोणता पत्ता मिळेल याचा भरवसा राहत नाही.

गेस्ट वायफायचेही येथेच पाहून घ्यावे. गेस्ट नेटवर्कचा हेतूच मुळी पाहुण्यांच्या फोनला इंटरनेट मिळावे पण घरातले संगणक दिसू नयेत असा असतो. शिवाय काही राउटरमध्ये "एपी आयसोलेशन" किंवा "क्लायंट आयसोलेशन" नावाची खूण असते. ती लावलेली असेल तर एकाच वायफायवरची उपकरणेही एकमेकांशी बोलू शकत नाहीत. पत्ते अगदी बरोबर, इंटरनेट उत्तम, आणि तरीही काहीच पोचत नाही, असे वायफायवर दिसले की ही खूण तपासावी.

पिंगचे उत्तर नीट वाचावे

पत्ते एका नेटवर्कातले झाले की वरच्या लॅपटॉपवरून खालच्या संगणकाचा पत्ता देऊन पिंग ही आज्ञा (समोरचा संगणक उत्तर देतो का हे पाहणारी) चालवावी, आणि मग खालून वर. उत्तर आले तर प्रश्नच नाही. उत्तर आले नाही तर लोक "पिंग लागत नाही" एवढेच सांगतात. पण न लागण्याचेही प्रकार आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

"डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असे, तेही स्वतःच्याच पत्त्यावरून आले, तर तुमच्या संगणकाने "हा पत्ता कोणाचा?" अशी हाक घातली आणि त्या हाकेला ओ देणारे कोणी सापडले नाही. समोरचा संगणक बंद आहे, झोपला आहे, त्याचा पत्ता बदलला आहे, किंवा वायफायचे आयसोलेशन आड येते आहे. फायरवॉलचा यात सहसा दोष नसतो. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" असे आले तर निरोप बाहेर गेला, पण परत काही आले नाही. येथे फायरवॉलवर संशय घेण्यास जागा आहे. आणि "कुड नॉट फाइंड होस्ट" हा संदेश पत्त्याऐवजी नाव टाइप केल्यावर येतो. त्याचा अर्थ त्या नावाचा पत्ता सापडला नाही, इतकाच.

पिंग टाइम आउट झाल्यावर लगेच एआरपी, मोकळी जागा, वजा चिन्ह आणि ए अशी आज्ञा द्यावी. पडद्यावर पत्त्यांची एक यादी येते. त्या यादीत समोरच्या संगणकाच्या पत्त्यापुढे त्याचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे दोन दोन अक्षरांच्या सहा जोड्या, दिसत असेल तर समोरच्या संगणकाने त्या हाकेला ओ दिलेली आहे. केबल, वायफाय, राउटर सगळे ठीक आहे. निरोप त्याच्या दारापर्यंत पोचतो आहे आणि दारावरची फायरवॉल तो आत घेत नाही. या एका आज्ञेने तपासाचे अर्धे क्षेत्र बाद होते, म्हणून मी ती कधीही चुकवत नाही.

हेही लक्षात घ्यावे की विंडोजची फायरवॉल मूळ स्थितीत बाहेरून आलेल्या पिंगला बऱ्याचदा उत्तरच देत नाही. त्यामुळे पिंग न लागणे हा दोषाचा पुरावा नाही. फोल्डर उघडत असेल तर पिंगच्या मागे लागण्याचे कारण नाही.

पब्लिक की प्रायव्हेट

वडगावच्या घरातला दुसरा अडथळा येथे होता. विंडोज प्रत्येक नेटवर्कला पब्लिक किंवा प्रायव्हेट असा एक शिक्का मारते. पब्लिक म्हणजे बसस्थानकावरचे किंवा हॉटेलातले नेटवर्क, जिथे शेजारी कोण बसले आहे ते माहीत नसते. तिथे विंडोज आपला संगणक लपवून ठेवते आणि आलेली हाक नाकारते. राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नेटवर्कच नवे असते, आणि नव्याला ती सहसा पब्लिक धरते. खालच्या संगणकाची केबल जिथे होती तिथेच, खोली तीच, संगणक तोच. पण डबा बदलला आणि शिक्का बदलला.

सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडावे, केबल असेल तर इथरनेट आणि वायफाय असेल तर वायफाय निवडून त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जावे, आणि तिथे "प्रायव्हेट नेटवर्क" निवडावे. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट या गटाखालचे "नेटवर्क डिस्कव्हरी" आणि "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग" हे दोन्ही चालू करावेत. पब्लिक गटाखालचे हेच दोन पर्याय बंदच ठेवावेत. तोच लॅपटॉप उद्या पुण्याच्या गाडीत कोणाच्या तरी वायफायवर उघडला जाणार आहे.

येथे थांबून एक सांगावेसे वाटते. वडगावात मी दोन राउटरांची रचना आधी सुधारली, आणि ती सुधारल्यावरही लॅपटॉपवर काहीच फरक दिसला नाही. अशा वेळी माणसाला वाटते की आपले निदान चुकले, आणि तो केलेला बदल मागे फिरवतो. मग तो दुसरा अडथळा काढतो, तेव्हा पहिला परत जागेवर आलेला असतो, आणि पुन्हा काहीच चालत नाही. अडथळे एकामागे एक असतील तर शेवटचा निघेपर्यंत फोल्डर उघडणारच नाही. म्हणून प्रत्येक पायरीची खातरजमा तिच्या स्वतःच्या कसोटीवर करावी. राउटरची रचना सुधारली का, याचे उत्तर पत्त्यांचे पहिले तीन आकडे देतात. त्यासाठी फोल्डर उघडण्याची गरज नाही. एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहावा, आणि कसोटीला उतरलेला बदल परत फिरवू नये.

पोर्ट आणि फायरवॉलचे नियम

शिक्का बरोबर असूनही फोल्डर उघडत नसेल, तर आता फायरवॉलच्या आत पाहायचे. विंडोजचे सामायिक फोल्डर ४४५ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवरून चालतात. (हे पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, तर एकेका कामासाठी संगणकाला असलेले क्रमांकाचे दार; टीसीपी आणि यूडीपी या निरोप पाठवण्याच्या दोन पद्धती.) पॉवरशेल (आज्ञा टाइप करण्याची दुसरी खिडकी) उघडून टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेपुढे समोरच्या संगणकाचा पत्ता, त्यापुढे वजा चिन्ह लावून पोर्ट हा शब्द आणि ४४५ असे लिहावे. शेवटच्या ओळीत "टीसीपीटेस्टसक्सीडेड" यापुढे "ट्रू" आले तर वाट अखेरपर्यंत मोकळी आहे आणि उरलेला प्रश्न पासवर्डचा किंवा परवानगीचा आहे. हा भाग सोडून पुढे जावे. "फॉल्स" आले तर दोन शक्यता राहतात : समोर त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही, किंवा ऐकणारा आहे पण फायरवॉल अडवते. यांचा निवाडा समोरच्या संगणकावरच करता येतो. तिथे नेटस्टॅट वजा एएन ही आज्ञा दिल्यावर ४४५ पुढे "लिसनिंग" असे दिसले तर ऐकणारा हजर आहे आणि दोष फायरवॉलचा आहे.

बाकीची कामे वेगळ्या पोर्टवर चालतात. रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९, नेटवर्क प्रिंटरसाठी ९१०० किंवा ६३१. यादीत नावे दिसण्यासाठी यूडीपीचे ३७०२ आणि ५३५५ लागतात, आणि जुन्या पद्धतीच्या नेटबायोससाठी १३७ ते १३९. विंडोजच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने बाहेरून आत येण्याची सोयच नसते, त्यामुळे तिथे ३३८९ ची फायरवॉल तपासण्यात वेळ घालवू नये.

समोरच्या संगणकावर फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीच्या खिडकीत इनबाउंड रूल्स, म्हणजे आत येणाऱ्या निरोपांचे नियम, उघडावेत. फाइल अँड प्रिंटर शेअरिंगचे नियम प्रायव्हेट प्रोफाइलसाठी (प्रायव्हेट शिक्क्याच्या नेटवर्कसाठी) हिरव्या खुणेने चालू आहेत का, हे पाहावे. नंतर त्याच यादीत लाल खुणेचे नियम शोधावेत, आणि हे विशेष काळजीने करावे. एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना फायरवॉलने परवानगी विचारली आणि घाईत "कॅन्सल" दाबले गेले, की विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी अडवणारा नियम करून ठेवते. अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. त्यामुळे आपण नवे नवे परवानगीचे नियम घालत राहतो आणि एका कोपऱ्यातला तो लाल नियम सगळे निष्फळ करतो. तो काढल्याशिवाय उपाय नाही.

नवा नियम करावाच लागला तर तो प्रायव्हेट प्रोफाइलपुरता ठेवावा, आणि स्कोपमध्ये रिमोट पत्ता म्हणून "लोकल सबनेट" द्यावा, म्हणजे घरातल्याच संगणकांना तो लागू होईल.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर फायरवॉललाच विचारावे. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रायव्हेट प्रोफाइलच्या लॉगिंगमध्ये "लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स" याला "येस" करावे, दुसऱ्या संगणकावरून एकदा फोल्डर उघडण्याचा प्रयत्न करावा, आणि मग विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या लॉगफाइल्सच्या फायरवॉल फोल्डरातली नोंदवही उघडावी. प्रत्येक ओळीत वेळ, "ड्रॉप" हा शब्द, कोठून आले, कोठे निघाले आणि कोणत्या पोर्टवर, हे लिहिलेले असते. लॅपटॉपचा पत्ता आणि त्यापुढे ४४५ असलेली ओळ सापडली की तर्काची गरज संपते. काम झाल्यावर नोंद बंद करावी.

विकतचा अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल बऱ्याचदा विंडोजच्या फायरवॉलची जागा घेते. मग विंडोजचे नियम कितीही बदलले तरी उपयोग होत नाही. नेटवर्क विश्वासाचे आहे हे त्या अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये सांगावे लागते.

खात्रीसाठी फायरवॉल क्षणभर बंद करूनच पाहायची असेल, तर आधी मुख्य डब्याची बाहेरून येणारी फायबरची जोडणी बंद करावी, म्हणजे घर इंटरनेटपासून तुटेल. मग फायरवॉल बंद करावी, एकदा प्रयत्न करावा, लगेच परत चालू करावी आणि त्यानंतरच फायबर जोडावे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर याच ४४५ पोर्टवरून, फोल्डर वाटण्याच्या जुन्या पद्धतीतल्या एका दोषाचा फायदा घेऊन पसरला होता. म्हणून राउटरमध्ये ४४५ बाहेरून आत उघडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये.

पत्त्याने उघडते, पण यादीत नाव दिसत नाही

फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे समोरचा आयपी पत्ता टाइप केल्यावर फोल्डर उघडत असेल, तर वाट पूर्ण मोकळी आहे आणि फक्त नाव कळवणारी सेवा बंद आहे. समोरच्या संगणकावर सर्व्हिसेसच्या यादीत "फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन" शोधून तिची सुरुवात ऑटोमॅटिक करावी आणि ती चालू करावी. ज्याला शोधायचे आहे त्या संगणकावर "फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट" चालू असावी. हे करूनही यादी लहरी वागली तर तिचा नाद सोडावा आणि पत्त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवावा.

दारापर्यंत पोचले, पण आत घेत नाही

पासवर्डची खिडकी येणे ही चांगली खूण आहे, कारण याचा अर्थ नेटवर्क आणि फायरवॉल दोन्ही पार झाले. येथे घरगुती संगणकांवर सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे खात्याला पासवर्डच नसणे. विंडोज मूळ स्थितीत बिनपासवर्डाच्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही. त्या खात्याने फक्त संगणकासमोर बसूनच काम करता येते. दुसरे कारण पिन. चार आकड्यांचा पिन त्या एका संगणकापुरता असतो, तो नेटवर्कवर चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर तो कित्येकांच्या लक्षातही नसतो.

यावर मला सर्वांत निर्वेध वाटलेला उपाय असा : फोल्डर असलेल्या संगणकावर, सेटिंग्जमधल्या अकाउंट्समधून, फक्त सामायिक कामासाठी एक वेगळे स्थानिक खाते करावे, त्याचे नाव रोमन अक्षरांत आणि लहान ठेवावे, त्याला पासवर्ड द्यावा, आणि फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्यावी. परवानगी दोन ठिकाणी असते, एक शेअरिंगच्या पानावर आणि दुसरी सिक्युरिटीच्या पानावर, आणि दोन्हींतली जी अधिक कडक ती लागू होते. शेअरिंगमध्ये सर्वांना पूर्ण हक्क देऊनही "ॲक्सेस डिनाइड" येते ते बहुतेक यामुळेच. लॅपटॉपवर आधीचा चुकीचा पासवर्ड साठवलेला असेल तर तो क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड साठवते ती जागा) पुसून मगच नवा टाकावा. नाहीतर विंडोज न विचारता जुनाच पुढे करत राहते.

विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत २४एच२ या अपडेटनंतर बिनपासवर्डाच्या पाहुण्या प्रवेशाला मूळ स्थितीतच मनाई आहे. राउटरला पेन ड्राइव्ह लावून केलेले सामायिक फोल्डर अशा अपडेटनंतर अचानक बंद पडतात. राउटरच्या पानावर त्या फोल्डरला नाव आणि पासवर्ड देण्याची सोय असेल तर ती वापरावी.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या काही वर्कशॉपमध्ये मशीनला जोडलेले विंडोज एक्सपीचे संगणक अजून चालू आहेत. एक्सपीला फक्त एसएमबी१ ही फोल्डर वाटण्याची जुनी पद्धत येते, आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० मध्ये ती मूळ स्थितीत दिली जात नाही. ती मुद्दाम चालू करता येते. पण वॉनाक्रायने वापरलेली पद्धत हीच आहे, म्हणून मी ती करू नये असे सांगेन. अशा संगणकाला नेटवर्कबाहेर ठेवून तपासलेल्या पेन ड्राइव्हने फाइल नेणे बरे.

ऑफिसचे व्हीपीएन

पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांचे काम घरून करणाऱ्यांकडे हा प्रकार नेहमी दिसतो. व्हीपीएन, म्हणजे संगणकाला कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी खाजगी वाट, चालू असेपर्यंत घरातला प्रिंटर दिसत नाही आणि बंद केले की लगेच दिसतो. कंपनीने जाणूनबुजून ठेवलेले हे बंधन असते. ते मोडण्याचा प्रयत्न करू नये. छापायची फाइल स्वतःच्या दुसऱ्या संगणकावरून छापावी, तीही कंपनीच्या नियमांत बसत असेल तर.

पत्ते कायमचे करणे

सर्व सुरळीत झाल्यावर शेवटचे काम राहते. वीज जाऊन आली की राउटर पत्ते नव्याने वाटतो, आणि काल १९२.१६८.१.५ असलेला संगणक आज १९२.१६८.१.९ होऊ शकतो. मग शॉर्टकट आणि प्रिंटर दोन्ही बंद पडतात आणि पुन्हा फोन येतो. मुख्य डब्याच्या डीएचसीपीच्या पानावर "ॲड्रेस रिझर्वेशन" असते. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल या आज्ञेत दिसणारा संगणकाचा फिजिकल ॲड्रेस, म्हणजेच हार्डवेअर पत्ता, तिथे देऊन त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवावा, तसाच प्रिंटरसाठीही. वायफायवर "रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस" चालू असेल तर घरच्या नेटवर्कपुरते ते बंद करावे, अन्यथा हार्डवेअर पत्ता बदलला तर राखून ठेवलेला पत्ता त्या संगणकाला मिळेलच असे नाही.

वडगावच्या घरी खालच्या संगणकासाठी १९२.१६८.१.५० राखून ठेवला आणि वरच्या लॅपटॉपवर त्याचा शॉर्टकट केला. हा पत्ता, वेगळ्या खात्याचे नाव आणि दुसऱ्या राउटरचा नवा पत्ता वहिनींनी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहिला आणि तो हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला. पासवर्ड त्यावर लिहिलेला नाही; तो वहिनींना आणि मुलीला पाठ आहे.